ट्यूब ॲम्प मोठा घ्यायचाय? आधी वॅटचं गणित, मग घरातलं अर्थिंग बघा

भांडगाव. पुण्याहून सोलापूरकडे निघालं की उरुळी कांचन मागे पडतं, यवत जातं आणि चौफुला यायच्या आधी हे गाव लागतं. तुकोबांची पालखी यवतचा मुक्काम उरकून वरवंडला जाते ती याच रस्त्यानं. आजूबाजूला ऊस आणि पुढे चौफुल्याला कलाकेंद्रं. त्यामुळे ढोलकी, पेटी, माईक आणि भोंगे या गोष्टी इथल्या माणसाला नव्या नाहीत.

आता समजा, या गावातला एक पोरगा इलेक्ट्रिक गिटार वाजवतो. घरी ५ वॅटचा छोटा ट्यूब ॲम्प आहे. खोलीत तो एवढा वाजतो की आई दार आपटते. मग पुण्यात चार मित्र जमतात, बँड लागतो आणि पहिल्याच प्रॅक्टिसला ड्रमवाला सुरू झाल्यावर याची गिटार कुणालाच ऐकू येत नाही. ॲम्पचा आवाज पूर्ण फिरवला तर नुसती खरखर. गडी घरी येतो, रात्रभर व्हिडीओ बघतो आणि सकाळी ठरवतो की छोटा विकायचा आणि १०० वॅटचा घ्यायचा.

नवा, नावाजलेल्या कंपनीचा मोठा ट्यूब ॲम्प म्हणजे लाखाच्या पुढचा विषय. तेवढ्या पैशात ठिबकचं काम होतं, हे घरात कुणीतरी बोलून दाखवणारच. म्हणून हा निर्णय घेण्याआधी त्या डब्यात नेमकं काय चालतं ते बघू.

ट्यूब म्हणजे आजोबांच्या रेडिओतला वॉल्व्ह

जुन्या लाकडी रेडिओचं बटण फिरवलं की लगेच आवाज यायचा नाही. आत काचेचे दिवे हळूहळू लाल व्हायचे, मग खरखर आणि मग आकाशवाणी. ते काचेचे दिवे म्हणजे वॉल्व्ह. अमेरिकन लोक त्यालाच ट्यूब म्हणतात आणि गिटारवाल्यांनी तो शब्द उचलला.

वॉल्व्हमध्ये एक फिलामेंट तापतं आणि इलेक्ट्रॉन सोडतं. मध्ये एक जाळी असते. त्या जाळीवर गिटारचा बारीकसा सिग्नल दिला की तो इलेक्ट्रॉनच्या मोठ्या प्रवाहाला नळाच्या तोटीसारखा कमीजास्त करतो. लहान सिग्नलचा मोठा सिग्नल होतो तो असा. ली डी फॉरेस्टनं १९०६ साली ही जाळी घातली आणि १९४७ साली ट्रान्झिस्टर येईपर्यंत जगातला जवळपास प्रत्येक ॲम्प्लिफायर यावरच चालला.

आपल्याकडेही वॉल्व्ह बनायचे. बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनं १९६१ साली रेडिओचे वॉल्व्ह बनवायला सुरुवात केली. त्यांचे ईएल८४ आणि ईसीसी८३ जुन्या रेडिओवाल्यांकडे आजही सापडतात. गंमत म्हणजे ईसीसी८३ हे युरोपातलं नाव आणि १२एएक्स७ हे अमेरिकेतलं. वस्तू एकच, आणि आजच्या बहुतेक गिटार ॲम्पच्या पुढच्या टप्प्यात हीच बसते.

रेडिओतून वॉल्व्ह गेला, गिटारमधून मात्र गेला नाही. कारण तो ताणला की एकदम फाटत नाही, हळूहळू फाटतो. जोरात तार छेडली तर आवाज गुरगुरतो, हलकी छेडली तर स्वच्छ येतो. हे फाटणं रेडिओवाल्याला नको होतं, गिटारवाल्याला तेच हवं असतं.

आता वॅट

सगळा घोटाळा इथं आहे. १० वॅटपेक्षा २० वॅट दुप्पट मोठा वाजेल असं आपल्याला वाटतं, कारण पंप दुप्पट एचपीचा घेतला की पाणी जास्त येतं. कानाचा हिशोब तसा नाही.

वॅट दुप्पट झाले की आवाज ३ डेसिबलनं वाढतो. ३ डेसिबल म्हणजे 'हां, जरा वाढला वाटतं' एवढाच फरक. कानाला दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात आणि १० डेसिबलसाठी वॅट दसपट करावे लागतात. म्हणजे ५ वॅटच्या दुप्पट मोठा वाजणारा ॲम्प १० वॅटचा नसतो, ५० वॅटचा असतो. आणि ५० वरून १०० वर गेलात तर पैसे आणि वजन वाढतं, आवाज पुन्हा तेवढाच ३ डेसिबल.

मग ५ वॅटवाला ड्रमसमोर हरला कसा? आवाज पुरेसा नव्हता म्हणून नाही, स्वच्छ आवाज पुरेसा नव्हता म्हणून. छोटा ॲम्प ड्रमच्या पातळीला जाईपर्यंत पार फाटलेला असतो. फाटलेला आवाज दबतो, त्याची धार जाते आणि तो झांजांच्या आवाजात मिसळून जातो. मोठ्या ॲम्पकडे फाटायच्या आधी बरीच जागा शिल्लक असते. त्याला गिटारवाले हेडरूम म्हणतात. मोठा ॲम्प घेताना तुम्ही खरं तर ही जागा विकत घेता.

त्यामुळे स्वतःला विचारायचा प्रश्न 'किती मोठा?' हा नाही. प्रश्न असा की ड्रमच्या सोबत तुम्हाला गिटार स्वच्छ हवी आहे की गुरगुरणारी? स्वच्छ हवी असेल तर ३०-४० वॅटच्या पुढे बघण्याला अर्थ आहे. ब्लूज किंवा रॉकची गुरगुर हवी असेल तर १५ ते २२ वॅट बँडला बहुतेक वेळा पुरतात. शंभर वॅटवाला मात्र घरात आणि छोट्या हॉलमध्ये गुरगुरेपर्यंत कधी पोचणारच नाही. कुंडीतली माती उकरायला जेसीबी आणल्यासारखं होतं ते.

मग १०० वॅट आले कुठून?

साठच्या दशकात गिटारचा आवाज लोकांपर्यंत न्यायला ॲम्पशिवाय दुसरं साधन नव्हतं. सभागृहाचे भोंगे गायकापुरते. बीटल्सनी १५ ऑगस्ट १९६५ रोजी न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये ५५ हजारांहून जास्त लोकांसमोर वाजवलं तेव्हा व्हॉक्स कंपनीचे १०० वॅटचे ॲम्प होते आणि गाणं स्टेडियमच्या भोंग्यांतून. पोरींच्या किंचाळ्यांपुढे ते स्वतःलाही नीट ऐकू येत नव्हते. त्याच सुमारास लंडनमध्ये द हू बँडच्या पीट टाउनशेंडनं जिम मार्शलकडे जास्त ताकदीचा ॲम्प मागितला आणि मार्शलचा १०० वॅटचा ॲम्प जन्माला आला. चार स्पीकरच्या पेट्या एकावर एक रचायची पद्धत तिथून पडली.

आज स्टेजवर ॲम्पसमोर माईक लावतात आणि आवाज मोठ्या साऊंड सिस्टीममधून जातो. पाच हजार लोकांपुढेही १५ वॅटचा ॲम्प चालतो, कारण लोकांना तो ऐकूच येत नसतो, ऐकू येतो तो माईक. एरिक क्लॅप्टनचा १९७० चा 'लैला' अल्बम फेंडरच्या छोट्या चॅम्प ॲम्पवर रेकॉर्ड झाला होता. चॅम्प म्हणजे ५ वॅट. म्हणजे आपल्या भांडगावच्या गड्याकडे आहे तेवढाच.

तरी मोठ्या ॲम्पला स्वतःची मजा आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. फेंडरचा ट्विन रिव्हर्ब ८५ वॅटचा, चार ६एल६ ट्यूब आणि दोन १२ इंची स्पीकर. त्याचा स्वच्छ आवाज ऐकला की माणूस गप्प होतो. पण वजन २९ किलो. सिमेंटच्या अर्ध्या गोणीपेक्षा जास्त. ते घेऊन बाईकवरून महामार्गानं पुण्याला जाणार कसं, हा ॲम्प घेण्याआधी विचारायचा प्रश्न आहे. त्याच कंपनीचा २२ वॅटचा डिलक्स रिव्हर्ब १९ किलोच्या आसपास आहे आणि माझ्या मते तरी बँडमधल्या गिटारवाल्यांना बऱ्याच वेळा तोच हवा असतो, फक्त ते ट्विनचं नाव घेतात.

ॲम्प बदलण्याआधी स्पीकर बदला

हा सगळ्यात स्वस्त उपाय आणि सगळ्यात कमी लोक करतात. प्रत्येक स्पीकरचा एक आकडा असतो : १ वॅट दिला तर १ मीटरवर किती डेसिबल. सेलेस्टियनचा ग्रीनबॅक ९८ देतो, त्याच कंपनीचा व्हिंटेज ३० देतो १००. फरक फक्त २ डेसिबलचा दिसतो, पण तो १५ वॅटचा ॲम्प २४ वॅटचा केल्यासारखा आहे. आणि छोट्या ॲम्पमधला ८ इंची स्पीकर तर बहुधा याहून बराच मंद असतो. त्याला बाहेरची १२ इंची पेटी जोडून बघा. मित्राची मागून आणा, एक प्रॅक्टिस करा, मग ठरवा.

जोडताना ओहम जुळवायचे. ॲम्पच्या मागे ४, ८, १६ असं लिहिलेलं असतं. ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले तर ४ होतात, एकामागोमाग जोडले तर १६. आणि स्पीकरची सहनशक्तीही बघा. ग्रीनबॅक २५ वॅटचा आहे, ५० वॅटच्या ॲम्पला एकटा लावला तर जळेल.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. ट्यूब ॲम्प स्पीकर न जोडता कधीही चालू करून वाजवायचा नाही. ऊर्जेला जायला जागा मिळत नाही, आतल्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये व्होल्टेज उसळतं आणि तो जातो. ॲम्पमधला सगळ्यात महाग भाग तोच.

बेंजोवाल्यांनी ट्यूब का सोडली

आपल्याकडे मोठा ॲम्प घ्यायचा अनुभव गिटारवाल्यांपेक्षा बेंजो पार्ट्यांना जास्त. बेंजो म्हणजे बुलबुलतरंग, त्याला पिकअप बसवलेलं, बटणं दाबून वाजणारं. वरातीत आणि गणपतीच्या मिरवणुकीत तो गाडीवरून वाजतो. रवी जाधव यांचा २०१६ चा 'बँजो' हा हिंदी सिनेमा याच लोकांवर आहे. हे लोक दरवर्षी ॲम्प वाढवतात, पण ट्यूबचा घेत नाहीत. कारण सरळ आहे. गाडीचे हादरे, जनरेटरची वीज, पाऊस आणि चार तास न थांबता वाजवणं. काचेच्या ट्यूबला यातलं काहीच झेपत नाही. ट्रान्झिस्टरचा ॲम्प तेवढ्याच वजनात कितीतरी जास्त वॅट देतो आणि आपटला तरी चालतो.

जत्रेतल्या ऑर्केस्ट्रात वाजवणार असाल तर तुम्हीही त्यांच्यासारखाच विचार करा. ट्यूब घरी ठेवा.

खरा विषय : वीज

मोठा ट्यूब ॲम्प खातो किती ते आधी बघू. ट्यूब तापवायलाच वीज लागते. एका ईएल३४ चं फिलामेंट ६.३ व्होल्टवर दीड अँपिअर घेतं, म्हणजे साडेनऊ वॅट. चार ट्यूब असतील तर एक सूर न वाजवता ३८ वॅट नुसते उष्णतेत जातात. म्हणून ॲम्पवर लिहिलेले वॅट आणि मीटरवर पडणारे वॅट यांचा संबंध नसतो. मीटरवर पडणारे कितीतरी जास्त असतात.

अमेरिकेतून नातेवाईक येतोय आणि तिकडून ॲम्प आणतो म्हणतोय, तर दोन गोष्टी त्याला विचारायला सांगा. तिकडची वीज १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ, आपली २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ. व्होल्ट उतरवणारा ट्रान्सफॉर्मर बाजारात मिळतो, पण तो हर्ट्झ बदलत नाही. फक्त ६० हर्ट्झसाठी बनवलेला ॲम्प ५० वर चालवला की आतला ट्रान्सफॉर्मर जास्त तापतो. मागच्या पट्टीवर ५०/६० असं लिहिलं असेल तर ठीक, नाहीतर नको म्हणा. आणि उतरवणारा ट्रान्सफॉर्मर ॲम्पच्या वापराच्या दीडपट-दुप्पट क्षमतेचा घ्या, काठोकाठ नको.

मग आपल्या गावाकडची वीज. संध्याकाळी व्होल्टेज पडतं, बल्ब पिवळा होतो, पंखा मंदावतो. आजूबाजूच्या मोटारी एकदम बंद झाल्या की तेच व्होल्टेज वर उसळतं. पडलेल्या व्होल्टेजवर ट्यूब ॲम्प मऊ आणि मंद वाजतो, एवढंच. उसळलेल्या व्होल्टेजवर ट्यूब आणि आतले कॅपॅसिटर मरतात. म्हणून लाखाचा ॲम्प घ्यायचा असेल तर चांगल्या स्टॅबिलायझरचे पैसे त्याच हिशोबात धरा.

घरचा इन्व्हर्टर? साईन वेव्हचा असेल आणि क्षमता असेल तर चालेल. स्क्वेअर वेव्हचा असेल तर ॲम्प भुणभुणतो आणि ट्रान्सफॉर्मर तापतो.

आणि अर्थिंग. यावर जरा थांबा, कारण हे जीवावरचं आहे. बऱ्याच जुन्या घरांत तीन पिनांचं सॉकेट असतं, पण तिसऱ्या भोकामागे वायरच नसते. गिटारच्या तारा ॲम्पच्या चासीला जोडलेल्या असतात आणि चासी अर्थला. अर्थ नसेल आणि आत कुठं गळती झाली तर वीज तुमच्या बोटांत येते. एका हातात गिटार आणि ओठांजवळ दुसऱ्या फेजवरचा माईक, म्हणजे वाट पूर्ण झाली. ३ मे १९७२ रोजी वेल्समधल्या स्वान्सी इथं स्टोन द क्रोज बँडचा गिटारवादक लेस हार्वे अर्थ नसलेल्या माईकला हात लावताच स्टेजवर गेला. भुणभुण जावी म्हणून प्लगची अर्थ पिन काढून टाका असा सल्ला कुणी दिला, तर त्याचं पुढचं काहीच ऐकू नका. वायरमनला बोलवा, अर्थ मोजून घ्या, नसेल तर खड्डा करून नवं घ्या. ॲम्पच्या किमतीपुढे हा खर्च काहीच नाही.

ॲम्प उघडण्याचंही तसंच. आत ४०० ते ५०० व्होल्ट डीसी असतात आणि प्लग काढल्यावरही कॅपॅसिटरमध्ये ते बसून राहतात. फ्यूज गेला तर तेवढ्याच आकड्याचा घाला. त्याच्यापुढचं काम वॉल्व्हचं काम येणाऱ्या माणसाकडे. पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्ली आणि मुंबईत लॅमिंग्टन रोड इथं सुटे भाग मिळतात, आणि जुन्या रेडिओ मिस्त्र्यांचा पत्ताही तिथंच विचारला तर लागतो.

कान आणि शेजारी

९८ डेसिबलच्या स्पीकरवर १५ वॅट पूर्ण दिले तर १ मीटरवर ११० डेसिबलच्या आसपास आवाज होतो. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल कमी होतात. म्हणजे ३२ मीटरवर, तिसऱ्या घरात, अजून ८० उरतात. भिंती काही कमी करतात, पत्र्याची शेड फारसं काही करत नाही.

ध्वनिप्रदूषण नियम २००० सालचे आहेत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा, आणि रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिवर्धक किंवा वाद्य मोठ्यानं वाजवायला बंदी. दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्यापासून १०० मीटर शांतता क्षेत्र. मुंबईत धोबी तलावजवळच्या रंगभवनात १९८६ साली सुरू झालेला इंडिपेंडन्स रॉक महोत्सव वर्षानुवर्षं व्हायचा. आजूबाजूला रुग्णालयं आणि कॉलेज, त्यामुळे शांतता क्षेत्राचा नियम लागला आणि तिथली रॉकची मैफल थांबली.

कानांचं सांगायचं तर ८५ डेसिबल आठ तास चालतात, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं. बँडच्या प्रॅक्टिसमध्ये १०० सहज होतात. कानात घालायचे प्लग घ्या. गेलेला कान परत येत नाही, आणि कानात शिट्टी वाजायला लागली की ती रात्री जास्त वाजते.

मोठा ॲम्प घरात वाजवायचाच असेल तर ॲटेन्युएटर मिळतो. तो ॲम्प आणि स्पीकरच्या मध्ये बसतो आणि जास्तीची ताकद उष्णतेत घालवतो. त्याचेही ओहम आणि वॅट जुळले पाहिजेत. पण पैसे देऊन वॅट घ्यायचे आणि पुन्हा पैसे देऊन ते जाळायचे, हे मला जरा विचित्रच वाटतं.

जुना घेताना

आपल्याकडे दुकानात जुना ॲम्प देऊन नवा घ्यायची सोय क्वचितच मिळते. छोटा स्वतः विकायचा आणि मोठा शक्यतो सेकंडहँड बघायचा, हाच बहुतेकांचा मार्ग. बघायला जाताना स्वतःची गिटार न्या आणि किमान अर्धा तास वाजवा. काही दोष ॲम्प तापल्यावरच दिसतात.

खोलीतला दिवा बंद करून मागून ट्यूब बघा. फिलामेंटचा केशरी प्रकाश बरोबर आहे. पण ट्यूबमधली धातूची पत्री स्वतःच लाल दिसली तर लगेच बंद करा, बायस बिघडलाय किंवा ट्यूब मरतेय. पेन्सिलीनं पुढच्या छोट्या ट्यूबवर हलकी टिचकी मारा, स्पीकरमधून घंटेसारखा आवाज आला तर ती बदलावी लागेल. गिटार न लावता आवाज वाढवा, मोठी भुणभुण आली तर फिल्टर कॅपॅसिटर म्हातारे झालेत. १०-१५ वर्षांत ते बदलायचेच असतात, तेवढे पैसे किमतीतून कमी करायला सांगा. जळका वास आला तर चहा पिऊन परत या.

पॉवर ट्यूब कधी बदलल्या तेही विचारा. नेहमी वाजवणाऱ्याच्या वर्ष-दोन वर्षांत थकतात. छोट्या ॲम्पला एक किंवा दोन लागतात, शंभर वॅटच्याला चार, त्याही जुळवलेल्या, आणि वर बायस लावून घ्यायचा खर्च. आज या ट्यूब मुख्यतः रशिया, स्लोव्हाकिया आणि चीनमध्ये बनतात. मार्च २०२२ मध्ये युद्धामुळे रशियातून निर्यात अडकली तेव्हा जगभर ट्यूबचे भाव चढले होते. म्हणून ॲम्प घेतला की एक जादा जोडी लगेच घेऊन कपाटात ठेवा.

आपल्या भांडगावच्या गड्याला विचारलं तर मी सांगेन : ५ वॅटचा विकू नकोस, रात्री घरात तोच लागेल. आधी मित्राची १२ इंची पेटी जोडून एक प्रॅक्टिस कर. नाही भागलं तर १५ ते २२ वॅटचा, एक १२ इंची स्पीकरवाला, एकट्याला उचलता येईल असा सेकंडहँड बघ. आणि तो घरी आणायच्या आदल्या दिवशी वायरमनला बोलाव.